बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी बाइंडर: पावडरच्या डब्यापासून वाळलेल्या कोटिंगपर्यंत

लिथियम-आयन बॅटरीवर संशोधन सुरू करणाऱ्याचं सगळं लक्ष ॲक्टिव्ह मटेरियलवर, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या पदार्थावर असतं, आणि ते साहजिकच आहे. चर्चासत्रं एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचं ऑक्साइड), एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) नाहीतर सिलिकॉनवर होतात. बाइंडरच्या, म्हणजे हे सगळं चिकटवून ठेवणाऱ्या पॉलिमरच्या वाट्याला प्रबंधातलं एक वाक्य येतं: ‘८०:१०:१० या प्रमाणात पीव्हीडीएफ वापरलं.’ (आकडे ॲक्टिव्ह मटेरियल, कार्बन आणि बाइंडरच्या वजनाचे; पीव्हीडीएफ म्हणजे पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड.) कोणतं पीव्हीडीएफ, किती रेणुभाराचं, वाळवलं होतं का, किती टक्क्यांचं द्रावण केलं, यातलं काही लिहिलेलं नसतं. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तीच कृती करतो आणि त्याच्या कोटिंगचे पोपडे निघतात.

हा लेख एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष सुरू असणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे मॅग्नेटिक स्टरर, डॉक्टर ब्लेड (ठरावीक जाडीचा थर पसरवणारी पट्टी), व्हॅक्यूम ओव्हन आणि फ्यूम हूड आहे, ग्लोव्ह बॉक्स आहे किंवा कुणाचा तरी वापरायला मिळतो, असं गृहीत धरलं आहे.

बाइंडर नेमकं काय करतो

ॲक्टिव्ह मटेरियलचे कण, कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी बारीक कार्बनची पूड) आणि खालची धातूची फॉइल या तिघांना धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. तो स्वतः चार्ज साठवत नाही, वीज वाहून नेत नाही, वर वजन वाढवतो. म्हणून कारखान्यातल्या इलेक्ट्रोडमध्ये तो साधारण १ ते ३ टक्केच असतो. प्रयोगशाळेत ५ ते १० टक्के घालतात, कारण आपण बनवलेली मटेरियल्स बहुधा नॅनो आकाराची असतात, त्यांचं पृष्ठफळ जास्त असतं आणि कोटिंग हाताने होतं. १० टक्के बाइंडर घालण्यात गैर काही नाही. पण तेवढा बाइंडर घालून मिळालेल्या आकड्यांवरून ‘व्यापारी बॅटरीसाठी योग्य’ असा निष्कर्ष काढू नका.

पायरी १: कोणती पावडर मागवायची

कपाटात जे आहे ते वापरायचं, ही आपल्याकडची रूढ पद्धत. ती सोडा. ॲक्टिव्ह मटेरियल काय आहे त्यावरून बाइंडर ठरवा, बाइंडरवरून सॉल्व्हंट आपोआप ठरतो.

कॅथोडसाठी, म्हणजे एलएफपी, एलसीओ (लिथियम कोबाल्ट ऑक्साइड), एनएमसी यांसाठी, सुरुवात पीव्हीडीएफने करा. घनता १.७८, वितळबिंदू १७० अंश सेल्सियसच्या आसपास आणि कॅथोडच्या उच्च व्होल्टेजला टिकणारं हे फ्लोरोपॉलिमर एनएमपी (एन-मिथाइल-२-पायरोलिडोन) या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं. पण ‘पीव्हीडीएफ’ हे एका पदार्थाचं नाव नाही, ते कुटुंबाचं नाव आहे. सर्वसाधारण रसायनांच्या कॅटलॉगमध्ये १,८०,००० पासून ५,३४,००० पर्यंत रेणुभाराच्या पावडरी असतात. बॅटरीसाठी खास बनवलेल्या ग्रेडचा, उदाहरणार्थ आर्केमा कंपनीच्या कायनार एचएसव्ही ९०० चा किंवा दुसऱ्या कंपनीच्या सोलेफ ५१३० चा, रेणुभार १० लाखांच्या घरात जातो. साखळी जितकी लांब तितकी कमी बाइंडरमध्ये पकड चांगली, आणि द्रावण तितकंच दाट. सोलेफ ५१३० मध्ये धातूला चिकटणारे ध्रुवीय गटही जोडलेले आहेत. एचएसव्ही ९०० हे साधं होमोपॉलिमर, म्हणजे एकाच घटकाची साखळी आहे. दोन्ही डब्यांतली पूड पांढरीच दिसते, म्हणून डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय तोलू नका.

पीव्हीडीएफ-एचएफपी नावाचं कोपॉलिमरही मिळतं. ते मऊ असतं, ॲसिटोनमध्येही विरघळतं आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये जास्त फुगतं. जेल इलेक्ट्रोलाइट आणि सेपरेटरच्या लेपासाठी ते उत्तम. साध्या कॅथोडसाठी चुकून तेच मागवलं जातं, तेवढं टाळा. भारतात गुजरातमधल्या दहेजला गुजरात फ्लोरोकेमिकल्स पीव्हीडीएफ आणि पीटीएफई (टेफ्लॉन) दोन्ही बनवते. थोड्या पावडरीसाठी परदेशातून आयात करत बसण्याआधी देशी उत्पादकाकडे नमुना मागून पाहावा.

ग्राफाइट ॲनोडसाठी सीएमसी आणि एसबीआर ही जोडी घ्या. सीएमसी म्हणजे सोडियम कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. ही पावडर पाण्यात विरघळते, स्लरीला (फॉइलवर पसरायच्या दाट मिश्रणाला) दाटपणा देते आणि कण तळाला बसू देत नाही. एकटी वापरली तर वाळल्यावर कडक, ठिसूळ थर होतो, म्हणून लवचीकपणासाठी एसबीआर, म्हणजे स्टायरिन-ब्युटाडाईन रबर. एसबीआर पावडर नसते. ते ४० ते ५० टक्के घनभाग असलेलं दुधाळ लॅटेक्स असतं आणि ते गोठलं की संपलं, त्यामुळे फ्रीझरमध्ये ठेवू नका. सीएमसी मागवताना रेणुभाराबरोबर ‘डिग्री ऑफ सबस्टिट्यूशन’ पाहा, म्हणजे सेल्युलोजच्या प्रत्येक एककावर सरासरी किती कार्बोक्सिमिथाइल गट जोडले आहेत. बाजारात ०.७ ते १.२ पर्यंत मिळते. हा आकडा कमी असलेल्या सीएमसीची ग्राफाइटच्या पृष्ठभागाशी जवळीक जास्त, पण पाण्यात न विरघळलेले जेलचे कण राहण्याची शक्यताही जास्त.

सिलिकॉनची गोष्ट वेगळी आहे आणि बाइंडरच्या अभ्यासकाला खरी मजा इथेच आहे. ग्राफाइट चार्ज होताना सुमारे १० टक्के फुगतं. सिलिकॉन मूळ आकारमानाच्या तिपटीहून अधिक होतं. पीव्हीडीएफची पकड दुबळ्या आकर्षणबलावर असते, त्यामुळे काही सायकल्समध्ये (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांत) कण एकमेकांपासून सुटतात आणि कपॅसिटी कोसळते. सीएमसी, पॉलिॲक्रिलिक आम्ल म्हणजे पीएए, आणि सोडियम अल्जिनेट या तिघांच्या साखळीवर कार्बोक्सिल गट असतात. ते सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या थराशी हायड्रोजन बंध बांधतात, आणि असा बंध तुटला तरी पुन्हा जुळू शकतो. तपकिरी समुद्रशेवाळातून मिळणारं अल्जिनेट सिलिकॉनसाठी चालतं, हे २०११ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलं आणि त्यानंतर खाद्यपदार्थांतल्या अनेक डिंकांना या क्षेत्रात मागणी आली. नवख्याने मात्र सीएमसी किंवा लिथियमने उदासीन केलेल्या पीएएपासूनच सुरुवात करावी. शेवाळ, गवार आणि चिंचोक्याचे प्रयोग तुलनेला एक भरवशाचा आकडा हाती आल्यावर.

पीटीएफईची पूड कोरड्या इलेक्ट्रोडसाठी वापरतात. घासल्यावर तिचे तंतू निघतात आणि सॉल्व्हंटशिवाय पत्रा लाटता येतो. टेस्लाने २०१९ मध्ये मॅक्सवेल ही कंपनी घेतल्यापासून या पद्धतीचा गवगवा झाला. पण ही पूड १९ अंशांच्या वर मऊ होते आणि नुसतं हलवलं, चाळलं तरी गोळे धरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती थंड जागी ठेवायची आणि गार असतानाच चाळायची. शिवाय ॲनोडच्या कमी व्होल्टेजला पीटीएफईचं विघटन होतं. पहिल्या प्रकल्पासाठी मी हा रस्ता सुचवणार नाही.

सुरक्षा, एनएमपीची बाटली उघडण्याआधी

एनएमपीला फारसा वास नसतो, म्हणूनच ते निरुपद्रवी वाटतं. युरोपात त्याचं वर्गीकरण प्रजननाला घातक रसायन असं आहे आणि मे २०२० पासून तिथे कामगारांच्या संपर्कावर मर्यादा लागू आहे. ते त्वचेतून सहज शोषलं जातं. प्रयोगशाळेतले पातळ निळे नायट्राइल हातमोजे त्याला थोडाच वेळ अडवतात. ब्यूटाइल रबराचे वापरा, ते नसतील तर नायट्राइलच्या दोन जोड्या घाला आणि थेंब पडताच बदला. गर्भवती किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या सहकाऱ्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावं. ते मागताना संकोच वाटू नये, ही जबाबदारी गाइडची.

पीव्हीडीएफ आणि पीटीएफई दोन्ही जाळल्यास हायड्रोजन फ्लोराइड निघतो. पावडर सांडलेले कागद कचऱ्याबरोबर पेटवू नका, आणि ओव्हनचं तापमान कोणी ३०० च्या वर ठेवून गेलेलं नाही ना, ते एकदा पाहा.

पायरी २: डबा आल्यावर

लॉट क्रमांक, रेणुभार, उघडल्याची तारीख वहीत लिहा. पीव्हीडीएफ पाणी फारसं शोषत नाही, तरीही लागेल तेवढी पूड ६० ते ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा.

सीएमसी आणि पीएएचं उलट आहे. दोन्ही हवेतलं पाणी भराभर ओढतात. द्रावण पाण्यातच करायचं असल्यामुळे ओलाव्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते वजन. पावडरीत ८ टक्के ओलावा असेल तर तोललेल्या २ ग्रॅममध्ये खरं सीएमसी १.८४ ग्रॅमच असतं. जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत किंवा कोकणात काम करणाऱ्याने हे विसरू नये. १ ग्रॅम पावडर १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, किती घटलं ते मोजा आणि त्या हिशेबाने जास्त तोला.

पायरी ३: द्रावण

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून जरा सविस्तर.

पीव्हीडीएफसाठी: बाटलीत आधी एनएमपी घ्या, मॅग्नेट फिरू द्या, मग पूड थोडी थोडी शिंपडा. १० लाखांच्या घरातल्या रेणुभाराला वजनाने ५ टक्क्यांचं द्रावण पुरे. कमी रेणुभाराला ८ ते १० टक्के चालतं. झाकण घट्ट लावून ५० ते ६० अंशांवर काही तास ढवळा. द्रावण पूर्ण पारदर्शक झालं पाहिजे. बाटली उजेडासमोर धरा. आत काचेसारखे फुगलेले ठिपके तरंगताना दिसले तर अजून विरघळलेलं नाही. नंतर ढवळणं थांबवून रात्रभर ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतात. लवकर व्हावं म्हणून तापमान वाढवू नका, द्रावण पिवळं पडतं.

एनएमपी हवेतलं पाणी खेचतं आणि पाणी हा पीव्हीडीएफचा शत्रू आहे. थोडं पाणी मिसळलं की पॉलिमर द्रावणातून बाहेर येऊ लागतं आणि जेल बनतं. म्हणून मोठी बाटली रोज उघडण्यापेक्षा लहान बाटल्यांत भरून ठेवा.

सीएमसीसाठी: पाणी खोलीच्या तापमानाचं, डिआयोनाइज्ड. स्टररचा वेग वाढवून मधोमध भोवरा तयार करा आणि भोवऱ्याच्या कडेला पूड अगदी चिमटीने सोडा. पिठलं करताना बेसन एकदम टाकलं तर जशा गुठळ्या होतात तशाच इथे होतात: बाहेरून चिकट, आत कोरडी पूड. झालेली गुठळी कितीही ढवळा, तासन्‌तास सुटत नाही. पूड संपल्यावर वेग कमी करून रात्रभर ढवळा. १.५ ते २ टक्क्यांचं द्रावण सोयीचं. हे अन्नच आहे, त्यावर जंतू वाढतात आणि द्रावण पातळ होत जातं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या वर वापरू नका.

पीएएसाठी: ४,५०,००० रेणुभाराची पूड पाण्यात हळूहळू विरघळते आणि द्रावण आम्लधर्मी असतं. त्यात लिथियम हायड्रॉक्साइड घालून अंशतः उदासीन करतात. हिशेब असा: १ ग्रॅम पीएएतले सगळे आम्लगट उदासीन करायला ०.५८ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट लागतं, ८० टक्क्यांसाठी सुमारे ०.४७ ग्रॅम. ते आधी पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने सोडा. वळलेल्या साखळ्या उलगडतात आणि द्रावण डोळ्यांदेखत दाट होतं. घाबरू नका, तसंच व्हायला हवं.

पायरी ४: वजनांचा हिशेब

प्रमाण नेहमी कोरड्या वजनाचं असतं. ५ ग्रॅम घनभागाची, ९०:५:५ अशी कॅथोड स्लरी करायची आहे असं समजू. ॲक्टिव्ह मटेरियल ४.५ ग्रॅम, कार्बन ब्लॅक ०.२५ ग्रॅम, पीव्हीडीएफ ०.२५ ग्रॅम. द्रावण ५ टक्क्यांचं आहे, म्हणजे ते ५ ग्रॅम घ्यायचं. एकूण वजन ९.७५ ग्रॅम, घनभाग ५१ टक्के. मोठ्या कणांच्या एनएमसीला हे जमेल. बारीक कणांच्या एलएफपीला ते दाट वाटेल. घनभाग ४५ टक्क्यांवर आणायला आणखी १.३६ ग्रॅम एनएमपी लागेल.

ग्राफाइटचं उदाहरण: १० ग्रॅम घनभाग, ग्राफाइट, कार्बन, सीएमसी, एसबीआर ९५:१:२:२. ग्राफाइट ९.५ ग्रॅम, कार्बन ०.१ ग्रॅम, २ टक्क्यांचं सीएमसी द्रावण १० ग्रॅम, ४० टक्क्यांचं लॅटेक्स ०.५ ग्रॅम. द्रावण सिरिंजने मिलिलिटरमध्ये मोजू नका. दाट द्रावण सिरिंजला चिकटून राहतं. बाटली तराजूवर ठेवूनच घाला.

पायरी ५: मिसळण्याचा क्रम

कॅथोडसाठी ॲक्टिव्ह मटेरियल आणि कार्बन ब्लॅक आधी कोरडे एकत्र करा, खलात हलक्या हाताने. मग बाइंडरचं द्रावण दोन-तीन हप्त्यांत. सुरुवातीचं मिश्रण मुद्दाम घट्ट ठेवा, कारण कार्बनचे गोळे घट्ट मिश्रणातच फुटतात. आधीच पातळ केलं तर ते तरंगत राहतात आणि कोटिंगवर रेघा उमटतात. गोळे मोडल्यावर एनएमपी घालून पातळ करा.

पाण्याच्या स्लरीत सीएमसीचं अर्धं द्रावण आणि कार्बन आधी, मग ग्राफाइट, मग उरलेलं सीएमसी. एसबीआर सगळ्यात शेवटी, अगदी मंद वेगाने. जोरात ढवळलं तर लॅटेक्स फुटतं आणि रबराचे बारीक गोळे होतात.

दोन सूचना. निकेल जास्त असलेल्या एनएमसीच्या कणांवर लिथियमचे अल्कधर्मी अवशेष असतात. ते पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढून घेतात, स्लरी तपकिरी होऊन जेलीसारखी घट्ट होते. असं झालं तर एनएमपी वाढवून उपयोग नाही. मटेरियल कोरड्या हवेत साठवा, स्लरी झाल्याबरोबर कोट करा. दुसरी: नॅनो सिलिकॉन पाण्याशी संयोग पावून हायड्रोजन सोडतं, माध्यम अल्कधर्मी असेल तर अधिकच. अशी स्लरी घट्ट झाकणाच्या बाटलीत रात्रभर ठेवू नका.

पायरी ६: कोटिंग आणि वाळवणं

कॅथोडला ॲल्युमिनियम फॉइल, ॲनोडला तांब्याची. फॉइल काचेवर इथेनॉलने चिकटवा, वरून पुसून घ्या, सुरकुती राहू देऊ नका. ब्लेडची फट १५० ते २०० मायक्रॉन ठेवून सुरुवात करा. पाण्यातला एनएमसी कॅथोड करायचा मोह होईल, पण त्या स्लरीचा पीएच ११ ते १२ पर्यंत जातो आणि ॲल्युमिनियम गंजतं. कोटिंगखाली हायड्रोजनचे बारीक फोड दिसतात. एलएफपी पाण्याला बरंच सोसतं, पर्यावरणस्नेही कॅथोडचा प्रयोग त्यावर करा.

वाळवताना तापमान एकदम १२० वर नेऊ नका. सॉल्व्हंट वरून उडत असतो आणि विरघळलेला बाइंडर त्याच्यामागे वर ओढला जातो. परिणामी वर बाइंडरचा थर आणि फॉइलजवळ काहीच नाही. वरून कोटिंग सुंदर दिसतं आणि पंच करताना, म्हणजे चकत्या कापताना, कडेने उठतं. आधी ६० ते ८० अंशांवर, फ्यूम हूडमध्ये, दिसायला कोरडं होईपर्यंत. मग व्हॅक्यूममध्ये पीव्हीडीएफला ११० ते १२० अंश, रात्रभर. एनएमपीचा उकळबिंदू २०२ अंश आहे, ते दोन तासांत जात नाही. सीएमसी आणि पीएएच्या इलेक्ट्रोडलाही व्हॅक्यूममधली रात्र हवीच, कारण हे पॉलिमर पाणी धरून ठेवतात. पण पीएए १५० च्या वर नेऊ नका, त्याचं ॲनहायड्राइड होऊ लागतं.

पावसाळ्यात एनएमपीचं ओलं कोटिंग उघड्यावर ठेवलं तर हवेतल्या पाण्याने पीव्हीडीएफ जागीच बाहेर पडतं आणि पृष्ठभाग निस्तेज, खडबडीत होतो. कोट केल्यावर लगेच गरम प्लेटवर न्या.

पायरी ७: सेल बनवण्याआधी

कॉइन सेलचा (बटणाच्या आकाराच्या चाचणी-बॅटरीचा) खर्च आणि आठवडाभराची सायकलिंग वाया घालवण्यापेक्षा दहा मिनिटांच्या या चाचण्या करा. पेनाच्या रिफिलभोवती पट्टी वाकवा. तडे पडले तर थर जाड आहे किंवा बाइंडर ठिसूळ आहे. साधी चिकटपट्टी दाबून उचला. फॉइल चकचकीत उघडी पडली तर पकड फॉइलशी कमी आहे: फॉइल तेलकट असेल किंवा बाइंडर वर गेला असेल. थर मधूनच फाटून अर्धा फॉइलवर राहिला तर कण एकमेकांना धरत नाहीत: मिसळणं अपुरं, किंवा कार्बनच्या मानाने बाइंडर कमी. दोन्हींवर ‘बाइंडर वाढवा’ हाच उपाय करणं चुकीचं आहे.

मग एक चकती बंद बाटलीत इलेक्ट्रोलाइटमध्ये दोन दिवस ठेवा. कोरड्या अवस्थेत घट्ट असलेलं कोटिंग इथे सुटू शकतं.

लोडिंग, म्हणजे ठरावीक क्षेत्रफळावर किती मटेरियल बसलं ते मोजताना कोऱ्या फॉइलच्या चकत्याही तोला. १५ मायक्रॉन ॲल्युमिनियमची १२ मिलिमीटर व्यासाची चकती सुमारे ४.६ मिलिग्रॅम भरते. तुमचं कोटिंगच ३ मिलिग्रॅम असेल तर फॉइलच्या वजनातली थोडीशी तफावतही कपॅसिटीचा आकडा फिरवते.

दोन बाइंडरची तुलना करायची असेल तर

पीव्हीडीएफ आणि सीएमसीचे आलेख एकावर एक ठेवणारे निबंध भरपूर आहेत. त्यातले बरेच निव्वळ बाइंडरची तुलना करत नाहीत. सॉल्व्हंट बदलला, पीएच बदलला, थराची जाडी आणि सच्छिद्रता बदलली, आणि श्रेय मात्र पॉलिमरला दिलं. लोडिंग ५ टक्क्यांच्या आत सारखं ठेवा, दाबल्यानंतरची जाडी मोजा, इलेक्ट्रोलाइट आणि त्याचं प्रमाण एकच ठेवा, प्रत्येकी निदान तीन सेल लावा. पहिल्या सायकलची कूलॉम्बिक कार्यक्षमताही (आत घातलेल्या चार्जपैकी किती परत मिळाला ते) द्या. कार्बोक्सिल गटांच्या बाइंडरमध्ये पाणी राहिलं असेल तर ते बहुतेक वेळा तिथेच उघडं पडतं.

उरलेलं

एनएमपीचा कचरा हॅलोजनविरहित सॉल्व्हंटच्या बाटलीत सरसकट ओतू नका, त्यात विरघळलेलं फ्लोरोपॉलिमर असतं. वेगळी बाटली ठेवा, लेबलवर पीव्हीडीएफ असं स्पष्ट लिहा. ब्लेड आणि काच आधी एनएमपीने भिजवलेल्या टिश्यूने पुसा, मग इथेनॉलने. पाण्याने आधी धुतलं तर पीव्हीडीएफ जागच्या जागी घट्ट बसतं आणि ब्लेडची धार खरवडून खराब होते. पाण्यातल्या स्लरीचं भांडं वाळायच्या आत धुवा, पण ते पाणी सिंकमध्ये सोडू नका. त्यातले बारीक कण, आणि कॅथोड असेल तर निकेल-कोबाल्ट, सरळ गटारात जातात.